समेच्या आधीचा काटा

मुलुंडहून एका मुलीने मला विचारले आहे. तिचे बाबा ६८ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. रोज सकाळी ते एक अभंग लावतात. त्यातल्या एका ठरावीक जागी रोज त्यांच्या डोळ्यांत पाणी येते, हातावर काटा उभा राहतो आणि कधीकधी हात छातीकडे जातो. आईला वाटते, हृदयावर ताण येतो, हे बंद करावे. भावाने मोबाइलवर 'रक्तदाब उतरवणारा राग' शोधून ठेवला आहे. आणि शेवटी तिने स्वतःबद्दल लिहिले आहे, की मला मात्र गाणे ऐकून कधीच काही होत नाही, माझ्यात काही कमी आहे का?

मी २७ वर्षे मुंबईत भूल देते आहे. लोकांना वाटते, आमचे काम रुग्णाला झोपवण्याचे. ते काही मिनिटांत होते. उरलेला सगळा वेळ आम्ही नाडी, रक्तदाब, श्वास आणि बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरचा तरंग पाहत असतो. कंबरेत स्पायनल, म्हणजे खालचा भाग बधिर करणारे मणक्यातले इंजेक्शन, दिलेला रुग्ण जागा असतो, आणि त्याला हवे असेल तर मी हेडफोन देते. त्यामुळे एखादी ओळ कानात शिरल्यावर शरीरात काय काय हलते, ते मला समोरच्या स्क्रीनवर दिसते. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते.

एक निवृत्त शिक्षक गुडघेबदलाच्या शस्त्रक्रियेसाठी आले होते. उमेदीत गावच्या दिंडीत पखवाज वाजवलेला माणूस. ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, त्यांनी त्यांच्याच मोबाइलमधला अभंग लावायला सांगितला. अर्धा तास शांत होते. मग एकदम म्हणाले, "मॅडम, आता बघा हं." मी त्यांच्या हाताकडे पाहिले. दंडापासून मनगटापर्यंत काटा. नाडी ७२ वरून ८१ वर. बोटाचा तरंग चांगलाच बारीक झालेला, म्हणजे कातडीतल्या छोट्या रक्तवाहिन्या आकसलेल्या. मला शंका आली म्हणून ज्या पायावर शस्त्रक्रिया नव्हती, त्याच्यावरची चादर जरा सरकवून पाहिली. पाय गुळगुळीत. एकही केस उभा नव्हता.

कारण साधे आहे. केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो, तो आपल्या इच्छेने हलत नाही. त्याला हुकूम मिळतो अनुकंपी मज्जासंस्थेकडून, म्हणजे संकटात आपल्याला पळायला किंवा लढायला तयार करणाऱ्या यंत्रणेकडून. पायांकडे जाणारे तिचे तंतू छातीच्या खालच्या आणि कंबरेच्या वरच्या भागात मणक्यातून बाहेर पडतात, आणि नेमके तेच स्पायनलने बंद केलेले होते. हातांकडे जाणारे तंतू त्याच्या वर असतात, ते मोकळे होते. गाणे कानातून मेंदूत, मेंदूतून त्याच्या बुडाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभात, तिथून मज्जारज्जूत आणि तिथून कातडीत उतरते. वाटेत कुठे दरवाजा लावला, तर पुढे काटा येत नाही. गाण्याने अंगावर काटा आला असे म्हणताना आपण काव्य करत नसतो, एका रस्त्याचे वर्णन करत असतो.

आता तुमच्या बाबांचे डोळे. अश्रूंचा हुकूम दुसऱ्या यंत्रणेकडून येतो, परानुकंपी मज्जासंस्थेकडून. ती शरीराला शांत करते, पचन चालवते, नाडी उतरवते. शाळेत आपल्याला शिकवतात की या दोन यंत्रणा एकमेकींच्या विरुद्ध आहेत, एक चढली की दुसरी उतरते. अभंग ऐकणाऱ्या माणसात मात्र काटा आणि अश्रू एकाच क्षणी येतात. मला यासाठी तबल्याची जोडी आठवते. दायाँ आणि डग्गा आलटूनपालटून वाजतात, पण 'धा' वाजवायचा तर दोन्ही हात एकदम पडावे लागतात. बाबांच्या त्या जागेवर शरीरात 'धा' वाजतो. भीतीत, संतापात, जिना चढताना असे सहसा होत नाही. म्हणूनच त्या क्षणाला 'ताण' हे नाव पुरत नाही.

आपल्या परंपरेने ही गोष्ट फार पूर्वी टिपून ठेवली आहे. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. थिजणे, घाम, काटा, आवाज कातर होणे, थरथर, रंग उडणे, अश्रू, भान हरपणे. ही यादी मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा चकित झाले, कारण यातले जवळजवळ सगळे स्वायत्त मज्जासंस्थेचे काम आहे, आणि त्यातले कितीतरी मी रोज यंत्रावर मोजते. हे भाव अभिनयाने खोटे आणता येत नाहीत, त्यासाठी मन खरोखर तिथे असावे लागते, असेच तिथे म्हटले आहे. कीर्तनात 'अष्टभाव दाटून आले' हे शब्द आपण सहज ऐकतो. दाटून येणे हे क्रियापद किती अचूक आहे पाहा. घसा दाटतो, कारण एकीकडे भावनेच्या भरात श्वासासाठी स्वरयंत्राची फट उघडी राहू पाहते आणि त्याच वेळी आपण आवंढा गिळायला जातो, तेव्हा ती मिटावी लागते. त्या ओढाताणीला आपण गोळा म्हणतो.

तुमचा खरा प्रश्न माझ्या मते दुसराच आहे, तुम्ही तो ओझरता लिहिला आहे : रोज तीच जागा, मग रोज तसेच का व्हावे? पाठ झालेल्या गाण्यात नवे काय उरते?

माझ्या त्या शिक्षकांनी "आता बघा" म्हटले तेव्हा तो स्वर अजून लागायचा होता. काटा स्वराच्या आधी आला. ज्यांनी तबल्याची साथ ऐकली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणारा तुकडा, सुरू झाली की मैफलीत बसलेली माणसे सरसावून बसतात. सम कुठे येणार ते सगळ्यांना ठाऊक असते, तरी श्वास धरला जातो, आणि समेवर मान डोलते, तोंडून दाद निघते. सम माहीत नसती तर ती दाद आली नसती. जो ठेका ओळखत नाही, त्याच्यासाठी तिहाई म्हणजे नुसता आवाजाचा भडिमार. सुख ठाऊक असलेल्या गोष्टीकडे हळूहळू सरकण्यात आहे.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये यावर चांगले काम झाले आहे. २००१ मध्ये अ‍ॅन ब्लड आणि रॉबर्ट झॅटोरे यांनी लोकांना त्यांच्याच आवडीचे, काटा आणणारे संगीत ऐकवून मेंदूची चित्रे घेतली. अन्न, शरीरसुख, मादक द्रव्ये यांनी जे भाग जागे होतात, तेच जागे झालेले दिसले. पुढे २०११ मध्ये व्हॅलोरी सालिमपूर आणि त्याच गटातल्या इतरांनी डोपामिन या रसायनाचा माग काढला. अवघे ८ जण होते, पण निष्कर्ष नेमका होता : आवडती जागा येण्याआधीच्या काही सेकंदांत कॉडेट नावाच्या भागात डोपामिन वाढले, आणि प्रत्यक्ष जागा आली तेव्हा न्यूक्लिअस अ‍ॅकम्बन्स या दुसऱ्या भागात. म्हणजे वाट पाहणे आणि मिळणे, दोन्हींचे सुख मेंदूत वेगवेगळ्या घरी राहते. बाबांना अभंग पाठ आहे म्हणूनच त्यांना पहिले सुख मिळते. नवख्या कानाला ते मिळणार नाही.

त्याआधी, १९९१ मध्ये, जॉन स्लोबोडा यांनी ८३ जणांना विचारले होते की कुठल्या गाण्यात नेमक्या कुठल्या जागी तुम्हाला काय होते. रडू येते ते बहुधा जिथे स्वर शेजारच्या स्वराला टेकून, जरा रेंगाळून मग घरी येतो तिथे. आणि शहारा येतो तो अनपेक्षित वळणावर. ते संगीत पाश्चात्त्य होते. पण शेजारच्या स्वराला स्पर्श करून येणारा कणस्वर किंवा कोमल स्वरावरून ओढलेली मींड ऐकताना आपल्या घशाचे काय होते, ते आठवून पाहा.

गाणे शरीरात शिरण्याचा हा एक दरवाजा झाला, अपेक्षेचा. दुसरा अगदी खालचा आहे. अचानक मोठा आवाज झाला की मस्तिष्कस्तंभ विचार न करता दचकवतो. ताशाची पहिली थाप पडली की छातीत जे होते, त्यात भक्ती नंतर येते, दचकणे आधी. तिसरा दरवाजा लयीचा. पाय ठेका धरतो, कारण नुसता ठेका ऐकतानाही हालचाल ठरवणारे मेंदूचे भाग जागे असतात. पार्किन्सनच्या रुग्णांना ठरावीक ठेक्यावर चालवले की पावले मोठी आणि वेगवान पडतात, हे मायकेल थॉट यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवले. फिजिओथेरपीत त्याचा आजही उपयोग होतो.

आणि चौथा दरवाजा आठवणीचा. याबद्दल मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण इथे माझ्या हातून चूक झाली होती.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक साठीच्या बाई, खुब्याचे हाड मोडलेले, स्पायनलखाली शस्त्रक्रिया. घाबरलेल्या होत्या. मी माझ्या फोनवर एक भजन लावले. संथ, गोड, सगळ्यांना आवडणारे. मी त्यांना विचारले नाही. अर्ध्या मिनिटात नाडी ७८ वरून ११८ झाली, रक्तदाब १७० वर गेला, श्वास उथळ झाला. मला आधी वाटले भूल उतरते आहे. मी वेदनाशामकाकडे हात नेणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ते बंद करा हो. ह्यांच्या तेराव्याला हेच लावलं होतं." भजन बंद केले. त्यांचा हात धरून बसले. नाडी खाली यायला दहा मिनिटे लागली.

लय संथ होती, आवाज लहान होता, शब्द भक्तीचे होते. पुस्तकात 'शांत करणारे संगीत' म्हणून जे जे लिहिलेले असते, ते सगळे त्यात होते. त्या बाईंच्या शरीराने मात्र पुस्तक वाचले नव्हते. त्याला फक्त तो दिवस आठवत होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारते : काय लावू, आणि काय लावू नको. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो. एका रुग्णालयात ओटीमध्ये शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या आवडीची गाणी मोठ्याने लावत, आणि टेबलावरचा जागा रुग्ण मुकाट ऐकत पडलेला असे. त्याचा वाढलेला रक्तदाब मी औषधाने उतरवत राही. आज मी तसे होऊ देत नाही.

म्हणून भावाच्या त्या 'रक्तदाब उतरवणाऱ्या रागा'बद्दल मी स्पष्टच लिहिते. अमुक राग अमुक आजारावर, असे गोळीसारखे नाते सिद्ध झालेले नाही. रागाला भाव आहे, यात शंका नाही. १९९९ मध्ये बाल्कविल आणि थॉम्पसन या दोघांनी हिंदुस्थानी राग कधी न ऐकलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना राग ऐकवले, तेव्हा आनंद, दुःख आणि क्रोध त्यांना बऱ्यापैकी ओळखता आले. म्हणजे काही गोष्टी परक्या कानालाही पोचतात, आणि त्यात लयीचा वाटा मोठा असतो. पण ओळखणे वेगळे आणि आपल्या शरीरात ते घडणे वेगळे. भैरवीचे स्वर लागले की आपल्याला हुरहुर वाटते, त्यात कोमल स्वरांचा वाटा आहेच, पण आयुष्यभर प्रत्येक मैफल भैरवीने संपताना पाहिली आहे, त्याचाही आहे. रागांच्या वेळांचेही तसेच. याच मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेल्या संगीतशास्त्रकार पंडित भातखंड्यांनी रागांची दहा थाटांत, म्हणजे स्वरांच्या मूळ साच्यांत, मांडणी केली आणि त्यांच्या वेळांची संगती लावली. ती सौंदर्याची व्यवस्था आहे, औषधाचे वेळापत्रक नव्हे. (जाता जाता, रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होत असल्यामुळे उत्तररात्रीचे राग समोर बसून ऐकण्याची संधी आता क्वचितच मिळते, याचे मला फार वाईट वाटते.)

मग संगीताने नाडी-रक्तदाबावर काही होते की नाही? होते, पण ते मुख्यतः लयीतून आणि श्वासातून. इटलीतल्या लुसिआनो बर्नार्डी यांनी २००६ मध्ये २४ जणांना सहा प्रकारचे संगीत ऐकवले, त्यात एक भारतीय रागही होता. लय जलद तसे श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढले. प्रकार कुठला, याला तेवढे महत्त्व नव्हते. त्यांनी मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. त्या शांततेत नाडी आणि रक्तदाब संगीत सुरू होण्याआधीच्या पातळीपेक्षाही खाली उतरले. माझ्या मते त्या साऱ्या प्रयोगातली सर्वात मोलाची गोष्ट हीच, आणि आपण घरात नेमकी तीच मोडतो. एक संपले की लगेच दुसरे सुरू.

त्यांचेच २००१ चे एक काम आपल्याला आणखी जवळचे आहे. लॅटिनमधली जपमाळ आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र लोकांकडून म्हणवून घेतला. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे ६ वर आला. आपण एरवी १२ ते १६ घेतो. रक्तदाबाची लय दर दहा सेकंदांनी हलकेच वरखाली होत असते, आणि मिनिटाला ६ श्वास म्हणजे नेमके दहा सेकंदांचे एक आवर्तन. दोन्ही लयी जुळल्या की रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक तल्लख होते. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हचा, म्हणजे हृदयाला शांत करणाऱ्या परानुकंपी नसेचा, प्रभाव वाढून नाडी मंदावते, म्हणून ओळ जितकी लांब, श्वास सोडणे तितके लांब, आणि हृदयाला तितका निवांतपणा.

याचा जिवंत नमुना आपल्या लोकलमध्ये रोज पाहायला मिळतो. सकाळच्या डब्यात टाळ घेऊन भजन करणारी मंडळी असतात. चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेला, घामाने भिजलेला माणूस गजर सुरू झाल्यावर कसा बदलतो ते मी अनेक वर्षे पाहिले आहे. सगळे एकाच जागी श्वास घेतात, कारण ओळ तिथेच तुटते. २०१३ मध्ये स्वीडनमध्ये ब्यॉर्न विकहॉफ यांच्या गटाने समूहात गाणाऱ्यांच्या हृदयाची नोंद केली, तेव्हा त्यांच्या नाड्या एकत्र चढत आणि एकत्र उतरत होत्या. डब्यातल्या त्या मंडळींना यंत्र लावायची गरज नाही. कल्याणपासून दादरपर्यंत एवढी माणसे एका श्वासात आली, तर उतरताना त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतेच.

शस्त्रक्रियेतला पुरावाही सांगते. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ७३ चाचण्या आणि जवळजवळ ७००० रुग्ण एकत्र घेऊन केलेला आढावा आला. संगीत ऐकवलेल्यांना शस्त्रक्रियेनंतर वेदना आणि चिंता कमी होती, वेदनाशामकही कमी लागले. पूर्ण भुलेखाली असतानाही थोडा फायदा दिसला. परिणाम मध्यम आहे, चमत्कार नाही, पण तो आहे. त्याचा उपयोग गोळीच्या जोडीला करायचा, गोळीच्या जागी नव्हे. भावाला एवढे सांगा की बाबांची एकही गोळी त्या रागामुळे चुकता कामा नये.

आता आईंची काळजी, आणि ती रास्त आहे. आवडत्या गाण्याने भरून आल्यावर नाडी वाढते ती थोडी, साधारण ५ ते १० ठोके. रेल्वेचा पूल चढताना यापेक्षा कितीतरी जास्त वाढते. अँजिओप्लास्टीनंतर बाबा बाजारात जातात, जिना चढतात, तर अभंगाने त्यांच्या हृदयाला इजा होईल असे मानायचे कारण नाही. त्यांच्या गोळ्यांत बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती आवरणारे औषध, असेल, अनेकांना असते, तर नाडी आणखी कमी वाढेल. काटा मात्र तसाच येईल, कारण केसांच्या स्नायूंना वेगळी किल्ली लागते.

पण छातीकडे जाणारा हात मी सोडून देणार नाही. तो हात कशासाठी जातो, हे त्यांनाच विचारा, आणि आईंसमोर नको, एकटे असताना विचारा. भरून येते म्हणून छातीवर हात ठेवणे वेगळे. दाब, जडपणा, जळजळ, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, गार घाम, धाप, चक्कर यातले काहीही असेल, तर ते अभंगाने झाले की जिन्याने, हा प्रश्न गौण आहे. त्याच दिवशी ईसीजी काढा आणि हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. दुखणे थांबत नसेल तर थेट रुग्णालयात. आपल्याकडची वडील मंडळी दुखणे 'भरून आले' म्हणून लपवतात, हे मी खूप पाहिले आहे.

ढोल-ताशाबद्दलही एक सूचना. गणपतीत किंवा गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत पथकाच्या अगदी जवळ उभे राहिले की आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. कानांसाठी ८५ डेसिबल ८ तास ही मर्यादा मानली जाते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटे. तिथे शरीराला जे होते त्यात आनंद असतोच, पण दचकण्याचा खालचा दरवाजाही सताड उघडा असतो, आणि उन्हात, गर्दीत, उपाशीपोटी तासभर तसे राहणे हृदयाच्या रुग्णासाठी बरे नाही. बाबांना चार इमारती लांबून ऐकू द्या. ढोलाचा खर्ज तिथेही छातीत पोचतो.

आणि तुमचे स्वतःचे. तुमच्यात काही कमी नाही. काटा प्रत्येकाला येत नाही. २०१४ मध्ये बार्सिलोनातल्या संशोधकांनी अशा काही निरोगी माणसांचा अभ्यास केला, ज्यांना संगीतात सुख वाटतच नाही. गाणे ऐकताना त्यांची नाडी आणि त्वचेतली घामाची सूक्ष्म नोंद हलली नाही. पैसे जिंकण्याच्या खेळात मात्र ती इतरांसारखीच हलली. भावना शाबूत, फक्त हा एक रस्ता बंद. तुम्ही त्यांपैकी असाल किंवा नसालही. कदाचित तुमचे गाणे तुम्हाला अजून भेटले नसेल, कदाचित तुम्ही लोकलच्या गर्दीत, एक कान घोषणेकडे ठेवूनच ऐकत आला असाल. कधी एकदा खुर्चीत बसून, दुसरे काही न करता, लहानपणी घरात वाजत असलेले काहीतरी ऐका. काही झाले नाही तरी हरकत नाही. पावसाने, एखाद्या कवितेने, नातवंडाच्या हसण्याने ज्यांच्या अंगावर काटा येतो अशीही माणसे मला माहीत आहेत.

घरी करायचे ते एवढेच. आठवडाभर बाबांचा रक्तदाब रोज तीनदा मोजा. अभंगाच्या आधी पाच मिनिटे शांत बसवून एकदा. त्यांची ती जागा येऊन गेल्यावर लगेच एकदा. तेव्हा थोडा वाढलेला दिसेल, घाबरू नका. मग अभंग संपला की कुणीही बातम्या लावायला उठू नका, चहाची हाक देऊ नका. त्यांना दोन मिनिटे तसेच बसू द्या, डोळे पुसायचीही घाई नको. त्या शांततेनंतर तिसऱ्यांदा मोजा. माझा अंदाज आहे की तिसरा आकडा बहुतेक दिवशी पहिल्याइतका किंवा त्याहून कमी येईल. तसे झाले नाही, चढलेला रक्तदाब तसाच राहू लागला, तर ती वही त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि झाले, तर आधी आईंना दाखवा.